“मॅडम, हात कधी चालंल?”: मेंदूविज्ञानातलं माझं एमएससी

मिरजेत फिजिओथेरपिस्ट म्हणून काम करताना एका प्रश्नाचं धड उत्तर मला कधीच देता आलं नाही. त्याच प्रश्नासाठी मी एमएससीला गेले. पॅरालिसिसचा पेशंट वॉर्डात आला की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी नातेवाईक बाजूला घेऊन विचारतातच, “मॅडम, हात कधी चालंल?” पायाचं बऱ्याचदा जमून जातं. काठी धरून का होईना, माणूस संडासापर्यंत जायला लागतो. हात मागे राहतो. बोटं मिटलेली राहतात, उघडत नाहीत. मिरजेत सतार-तंबोरे बनवणारी जुनी घराणी आहेत. त्यांतले एक कारागीर माझ्याकडे होते, उजवी बाजू गेलेली. ते चालायला लागले म्हणून घरचे खूश होते, पण त्यांना त्याचं काहीच नव्हतं. ते रोज एकच विचारायचे, “पटाशी धरता येईल का, तेवढं सांगा.”

आमचा बीपीटी, म्हणजे फिजिओथेरपीची पदवी, साडेचार वर्षांचा, त्यात सहा महिने इंटर्नशिप. त्यात स्नायू, सांधे, व्यायाम, पेशंटला धरायचं कसं, उठवायचं कसं, हे सगळं उत्तम शिकवतात. पण मेंदूचा एक भाग मेल्यावर उरलेला मेंदू नेमकं काय करतो, कुणाच्या बाबतीत करतो आणि कुणाच्या बाबतीत नाही, हे पुस्तकात दोन परिच्छेदांत उरकलेलं असतं. सगळ्यांनी सांगितलं, एमपीटी न्यूरो, म्हणजे मेंदूच्या आजारांच्या फिजिओतली मास्टर्स, कर, इथंच कर. सल्ला चुकीचा नव्हता. उपचारांतच राहायचं असेल तर एमपीटीच करावं. मला मात्र कुणाचा हात किती सुधारेल याचे आकडे कुठून येतात ते पाहायचं होतं.

स्कॉटलंडमधलं ग्लासगो निवडलं त्याला एक कारण वॉर्डातलंच होतं. आपल्याकडच्या कुठल्याही आयसीयूच्या फाइलवर ‘जीसीएस’, म्हणजे बेशुद्धी किती खोल आहे त्याचे गुण, लिहिलेलं असतं. डोळे उघडण्याचे ४, बोलण्याचे ५, हालचालीचे ६, मिळून १५. सगळ्यात कमी ३, शून्य नाही. त्यातला ‘जी’ म्हणजे ग्लासगो. ग्रॅहम टीसडेल आणि ब्रायन जेनेट या दोघांनी १९७४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात ती पद्धत मांडली. तोपर्यंत बेशुद्धीचं वर्णन प्रत्येक डॉक्टर आपापल्या शब्दांत करायचा. या दोघांनी कुठलंही यंत्र न वापरता, नर्सलासुद्धा रात्री दोन वाजता करता येईल अशी तपासणी बसवली. ज्या शहरात हे सुचलं तिथं शिकायला मिळावं, असं मनापासून वाटत होतं. शिवाय तिथलं ब्रेन सायन्सेसचं एमएससी एका वर्षाचं. कर्ज काढून जाणाऱ्याला एक वर्ष आणि दोन वर्षं यांत फार फरक पडतो.

अर्जाचं थोडक्यात सांगते, कारण ती माहिती सगळीकडे मिळते. विद्यापीठाकडून मार्कांच्या ट्रान्सक्रिप्ट काढायला वेळ लागतो, ते आधी करा. आयईएलटीएस, व्हिसासाठी टीबीची तपासणी, आणि ठरलेली रक्कम सलग २८ दिवस खात्यात दिसली पाहिजे. मधे एक दिवस जरी कमी झाली तरी गोंधळ होतो. एसओपीमध्ये, म्हणजे का शिकायचं ते सांगणाऱ्या निवेदनात, मी लहानपणापासूनची आवड वगैरे काही लिहिलं नाही. त्या कारागिराचा हात आणि त्यावरून पडलेले तीन प्रश्न, एवढंच लिहिलं. नंतर आमच्या कोर्सच्या मॅडम म्हणाल्या की तेच लक्षात राहिलं. मॅडम मी म्हणायचे. तिथं सगळे प्राध्यापकांना नावानंच हाक मारतात. मला ते शेवटपर्यंत जड गेलं.

वर्गात तऱ्हेतऱ्हेची मुलं होती. मानसशास्त्राची, बायोकेमिस्ट्रीची, एक कॉम्प्युटर इंजिनिअर, एक भाषाविज्ञानाची. पहिल्या काही आठवड्यांत प्रत्येकाचा कुठल्या ना कुठल्या तासाला घाम निघाला. रेणूपासून मनापर्यंत सगळंच घ्यायचं असल्यामुळे आज पेशीच्या पडद्यातली सोडियमची वाट, तर उद्या लक्ष आणि स्मृती. मला आयन चॅनल कळायला रात्री जागावं लागलं. ब्लिस आणि लोमो यांनी १९७३ साली सशाच्या हिप्पोकॅम्पसमध्ये, म्हणजे मेंदूतल्या स्मृतीशी जोडलेल्या भागात, दाखवलं की एका मार्गावर झपाझप विजेचे ठोके दिले की तो मार्ग पुढे कित्येक तास जास्त जोरानं प्रतिसाद देतो. हे वाचल्यावर पहिल्यांदा जाणवलं की आम्ही वॉर्डात ‘पुन्हा पुन्हा करा, मोजत करा’ म्हणून जे सांगतो त्याच्या तळाशी काय असू शकतं. ‘असू शकतं’ एवढंच. सशाच्या मेंदूपासून मिरजेच्या वॉर्डापर्यंतची वाट लांब आहे, आणि ती सोडून उडी मारायची नाही हे त्या वर्षानं माझ्या अंगी बाणवलं.

एक गोष्ट मला आधीपासून येत होती, ती शरीररचनेच्या प्रयोगशाळेत उपयोगी पडली. फॉर्मॅलिनमध्ये घट्ट झालेला मेंदू हातात दिला की सगळ्यांचं लक्ष वरच्या वळ्यांकडे जातं. मी उलटा धरला आणि मेंदूच्या देठाच्या पुढच्या बाजूला, खालच्या टोकाशी, दोन उंचवट्यांच्या मधली फट बोटानं दाखवली. तिथं हालचालीचे आदेश नेणारे ८० ते ९० टक्के तंतू बाजू बदलतात. डाव्या मेंदूत गाठ अडकली की उजवा हात का जातो, ते या बोटभर जागेत आहे. इंजिनिअर मुलगा बराच वेळ तिथंच बघत राहिला. ज्याच्या देहदानामुळे हे बघता आलं त्या माणसाबद्दल आमच्या शिक्षिकेनं आधी दोन मिनिटं बोलून मगच हातमोजे घालू दिले. आपल्याकडेही असं व्हावं असं मला फार वाटतं.

‘मेंदूत शंभर अब्ज पेशी’ हे वाक्य मी शाळेपासून ऐकलं होतं. पहिल्याच महिन्यात ते गेलं. सुझाना हर्क्युलानो-हाउझेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मेंदूची ऊती विरघळवून पेशींची केंद्रकं मोजायची रीत काढली, आणि २००९ मध्ये आकडा आला सुमारे ८६ अब्ज चेतापेशी. त्यांतल्या जवळपास ६९ अब्ज एकट्या छोट्या मेंदूत, आणि ज्याला आपण विचारांचं घर समजतो त्या वरच्या थरात फक्त १६ अब्ज. आकड्यापेक्षा मला धक्का बसला तो याचा, की इतकी वर्षं शंभर अब्ज कुणी मोजले होते ते कुणाला सांगता येत नव्हतं.

आता मुख्य गोष्ट. मेंदूविज्ञानाचं एमएससी म्हणजे निम्मं संख्याशास्त्र आहे. हे माहितीपत्रकात इतक्या ठळकपणे लिहिलेलं नसतं. आम्हाला ‘आर’ ही आकडेमोडीची संगणक-भाषा शिकवली, नंतर तशीच मॅटलॅब. मी बारावीनंतर गणिताला हात लावला नव्हता. सुरुवातीला एक स्वल्पविराम राहिला म्हणून संध्याकाळ जायची. पण याच भागानं मला सगळ्यात जास्त दिलं.

स्ट्रोकच्या, म्हणजे पॅरालिसिस आणणाऱ्या मेंदूच्या झटक्याच्या, क्षेत्रात एक प्रसिद्ध नियम आहे, सत्तर टक्क्यांचा. हाताची हालचाल मोजायला फुगल-मायर नावाची चाचणी असते, हातासाठी एकूण गुण ६६. स्ट्रोकनंतर पहिल्या दिवसांत तुमचे २६ आले, तर कमी पडले ४०. नियम सांगतो की पुढच्या काही महिन्यांत या ४० चे साधारण ७० टक्के, म्हणजे २८ गुण परत येतील. फार जोराचा झटका आलेले काही पेशंट यात बसत नाहीत, ते वगळायचे. बाकीच्यांत नुकसान आणि सुधारणा यांचा संबंध इतका पक्का दिसायचा की निसर्गाचा एखादा कायदाच सापडला असं वाटावं. वॉर्डात सांगायला याहून सोपं उत्तर कुठलं?

मग एका तासाला टॉम होप आणि सहकाऱ्यांचा २०१९ चा ‘ब्रेन’ या नियतकालिकातला पेपर वाचायला दिला. त्यांचं म्हणणं असं, की इथं आपण सुरुवातीच्या गुणांची तुलना ‘शेवटचे गुण वजा सुरुवातीचे गुण’ यांच्याशी करतोय. दोन्हीकडे सुरुवातीचे गुण आहेतच. म्हणजे संबंध दिसणारच, पेशंट असोत वा नसोत. वाचून पटलं, पण पोटात शिरलं नाही. रात्री खोलीवर लॅपटॉप उघडला. ‘आर’ला सांगितलं, ० ते ६६ मधले हजार आकडे उचल, हे सुरुवातीचे गुण. आणखी हजार उचल, पहिल्यांशी काहीही संबंध नसलेले, हे शेवटचे. नुकसान काढलं, सुधारणा काढली, सहसंबंध विचारला. ०.७ च्या आसपास (० म्हणजे संबंधच नाही, १ म्हणजे पूर्ण संबंध). पुन्हा चालवलं, पुन्हा तेवढाच. आलेख काढला तर तिरकी, छान, चढती रांग. ज्यात एकही माणूस नाही, एकही मेंदू नाही, त्यातून ‘जेवढं नुकसान जास्त तेवढी सुधारणा जास्त’ असा नियम समोर उभा होता. कागदावर गणित मांडलं तर उत्तर एक भागिले दोनचं वर्गमूळ, म्हणजे ०.७०७ येतं.

याचा अर्थ पेशंट सुधारत नाहीत असा नाही. सुधारतात, आणि ज्यांचा मेंदूकडून हाताकडे जाणारा मार्ग शाबूत आहे ते बऱ्यापैकी सुधारतात. सत्तर टक्क्यांच्या बाजूनंही नंतर जबाबदार लोकांनी लिहिलं आहे, वाद अजून चालू आहे. पण एका माणसाच्या खाटेशी उभं राहून तुमचा हात एवढा सुधारेल असं सांगण्याइतका तो नियम भक्कम नाही, हे मला त्या रात्री स्वतःच्या हातानं कळलं. कुणी सांगून कळणं वेगळं. त्यानंतर मी कुठलाही पेपर घेतला की आधी आलेख बघते आणि विचारते, यात उभ्या आणि आडव्या अक्षावर एकच गोष्ट दोनदा तर बसवलेली नाही?

त्याच महिन्यात कॅथरीन बटन यांचा २०१३ चा पेपर वाचला. मेंदूविज्ञानातल्या अभ्यासांची ताकद, म्हणजे खरा परिणाम असेल तर तो पकडता येण्याची शक्यता, मध्यावर जेमतेम २१ टक्के निघाली होती. कारण साधं, माणसं कमी घेतात. वीस-वीस जणांवर केलेल्या अभ्यासांतून मोठमोठे निष्कर्ष काढले जातात. आपण विद्यार्थी म्हणून ज्या लॅबमध्ये जातो तिथलं विज्ञान स्वतःवरच इतकं कठोर होऊ शकतं, हे बघून माझा या विषयावरचा विश्वास वाढलाच.

हिवाळा मात्र अवघड गेला. डिसेंबरात पावणेनऊला उजाडतं आणि पावणेचारला अंधार. पाऊस आपल्यासारखा कोसळत नाही, पण सुटतही नाही. पैशाचं गणित सतत डोक्यात. सत्र चालू असताना आठवड्याला २० तासांपर्यंत काम करता येतं, पण ज्या आठवड्यात असाइनमेंट असते त्या आठवड्यात ते २० तास भारी पडतात. कर्जाचे हप्ते पार्टटाइममधून फिटतील या हिशोबानं कुणी जाऊ नये, इतकं मी स्पष्ट सांगेन. गव्हाचं पीठ, डाळी, हिंग सगळं मिळतं. आईशी बोलणं रोज व्हायचं. फोन ठेवल्यावरचा वेळ जड जायचा.

उन्हाळ्यात प्रबंध. माझा विषय होता हालचालीची नुसती कल्पना केल्यावर मेंदूत काय होतं, आणि वयानुसार त्यात फरक पडतो का. स्ट्रोकच्या पेशंटवर विद्यार्थ्याला तीन महिन्यांत काम करता येत नाही, एथिक्सची परवानगीच तेवढ्यात येत नाही. म्हणून निरोगी तरुण आणि निरोगी वयस्कर. साधन ईईजी, म्हणजे डोक्यावर इलेक्ट्रोड लावून मेंदूतल्या विजेच्या लाटा टिपणं.

ईईजीचं काम हातानं करायचं काम आहे, आणि फिजिओला ते आवडतं. नाकाच्या वरच्या खाचेपासून डोक्यामागच्या उंचवट्यापर्यंत टेपनं मोजायचं, मध्य काढायचा, टोपी चढवायची. ६४ इलेक्ट्रोड. प्रत्येक भोकात बोथट सुईच्या सिरिंजनं जेल घालायचं, केस बाजूला सारत, दुखू न देता. पडद्यावर एकेक ठिपका लाल होता तो हिरवा होईपर्यंत थांबायचं. मग समोरच्याला डोळे मिटायला सांगायचं. डोक्याच्या मागच्या बाजूच्या रेषा, ज्या इतका वेळ बारीक थरथरत असतात, त्या एकदम मोठ्या, संथ, एकसारख्या लाटांत चालायला लागतात, सेकंदाला दहाच्या आसपास. डोळे उघडले की गेल्या. हान्स बर्गर यांनी १९२९ मध्ये येनाहून हेच प्रसिद्ध केलं होतं, आणि कित्येकांनी तेव्हा विश्वास ठेवला नव्हता. मी कितीतरी जणांवर ते पाहिलं, पण ज्याच्या त्याच्या डोक्यात ते घडताना पुन्हा तितकंच बघावंसं वाटलं.

अशाच लाटा हालचालीच्या भागावरही असतात, डोक्याच्या डाव्या बाजूला सी३ या जागी. उजवा हात हलवला की त्या दबतात. आणि हात न हलवता नुसतं मनात हलवला, तरी दबतात. पॅरालिसिसच्या पेशंटला ‘मनात हात उघडा’ असं आम्ही सांगतो त्यामागचं हे कारण.

ग्लासगोच्या गोवन भागात जहाजबांधणी चालते. तिथं आयुष्यभर वेल्डिंग केलेले एक आजोबा माझ्याकडे आले होते. मी पडद्यावरची सूचना वाचून दाखवली, उजवी मूठ उघडता आहात अशी कल्पना करा. सी३ वर काही नाही. लाटा तशाच. प्रयोग संपल्यावर ते म्हणाले, मूठ उघडायची कल्पना कशी करायची, मूठ काय कुणी उगाच उघडतं? मी म्हटलं, मग वेल्डिंगचा टॉर्च हातात धरल्याची कल्पना करा. टोपी अजून डोक्यावर होती. पडद्यावर लाटा दबल्या. मी उड्या मारायचीच बाकी होते.

माझ्या गाइड शांतपणे म्हणाल्या, “निरीक्षण वहीत लिही. डेटात मिसळू नकोस.” एकाच माणसावर, एकदाच, ठरलेल्या पद्धतीबाहेर पाहिलेली गोष्ट. ती खरी असेलही. पण तिच्यासाठी वेगळा प्रयोग आखावा लागेल. मी ते तसंच वहीत तारखेसह लिहिलं, आणि प्रबंधाच्या शेवटी ‘पुढे काय करता येईल’ या भागात दोन ओळी दिल्या. तेव्हा मला मिरजेचे कारागीर आठवत होते. त्यांनाही आम्ही ‘मूठ उघडा’च म्हणत होतो.

प्रबंधाचा निकाल असा, की तरुण आणि वयस्कर यांच्यातला फरक लहान निघाला आणि त्याची अनिश्चितता मोठी. शून्यही त्या पट्ट्यात बसत होता. मला काळजी होती की काही सापडलं नाही म्हणून मार्क जातील. तसं झालं नाही. पापण्या लवल्यामुळे ईईजीच्या रेषांत येणारे झटके कसे काढले, कुणाचा डेटा का वगळला, आधी ठरवलं होतं ते आणि प्रत्यक्ष केलं ते, हे सगळं उघड मांडलं होतं. परीक्षकांनी त्याचंच कौतुक केलं. तिथं २२ गुणांची मोजपट्टी असते, ए१ पासून एच पर्यंत. माझा प्रबंध ‘ए’मध्ये बसला.

ज्यांना जायचं आहे त्यांनी विचारलं तर मी कोर्सचं नाव आणि क्रमवारी यांच्यावर फार बोलत नाही. गेल्या वर्षीच्या मुलांनी कुठल्या विषयांवर प्रबंध केले त्याची यादी मागवा. तुम्ही जे मोजू इच्छिता ते मोजणारं कुणी तिथं आहे का आणि विद्यार्थ्याला हात लावू देतात का, हे विचारा. जायच्या आधी तीन-चार महिने ‘आर’ किंवा पायथॉन थोडं तरी शिका. मेंदूचं पुस्तक नंतर वाचता येतं. आणि हे एमएससी झाल्यावर परदेशात फिजिओ म्हणून प्रॅक्टिस करता येत नाही, त्याची नोंदणी वेगळी असते. ही चौकशी आधी करा.

मी परत आले. मिरजेत सात टेस्लाचं, म्हणजे फार ताकदीच्या चुंबकाचं, एमआरआय नाही, ईईजीची ६४ चॅनलची टोपी नाही. पण त्या वर्षानं वाचायला शिकवलेले पेपर आहेत. नेदरलँड्समधल्या नाइलँड आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये दाखवलं, की स्ट्रोकनंतर दुसऱ्या दिवशी पेशंटला बोटं थोडी सरळ करता आली आणि खांदा थोडा बाजूला उचलता आला, तर सहा महिन्यांनी हातात काही ना काही कसब परतण्याची शक्यता ९८ टक्के. दोन्ही येत नसेल तर सुमारे २५. यंत्र लागत नाही, दोन मिनिटं लागतात. पुढे ऑकलंडच्या कॅथी स्टिनियर यांनी तीन दिवसांच्या आत याच दोन हालचालींना मिळून दहापैकी गुण देण्यापासून सुरू होणारी पद्धत बसवली. ‘प्रेप २’ तिचं नाव. तिचे अंदाज साधारण चारपैकी तीन पेशंटांत बरोबर येतात, म्हणजे एकात चुकतात, हेही मी नातेवाइकांना सांगते.

हे आकडे तिकडच्या पेशंटांचे आहेत. तिकडे माणूस सहसा लवकर हॉस्पिटलात पोचतो, पुढे फिजिओही जास्त मिळते. जत-आटपाडीकडून दुसऱ्या दिवशी येणाऱ्या आणि आठवड्यात घरी जाणाऱ्या माणसाला ते लागू पडतात का, ते कुणीतरी मोजायला हवं. आमच्या एथिक्स कमिटीची मंजुरी मिळाली आहे. आता येणाऱ्या प्रत्येक स्ट्रोकच्या पेशंटची बोटं आणि खांदा तिसऱ्या दिवसापर्यंत तपासून फाइलमध्ये नोंदवतो, आणि सहा महिन्यांनी फोन करतो. सगळ्यात जास्त अडचण फोनचीच आहे. नंबर मुलाचा असतो, मुलगा पुण्याला कामाला असतो. म्हणून आता डिस्चार्जच्या वेळी शेजाऱ्याचा आणि गावातल्या आशाताईंचा नंबरही घेतो. शेवटचा प्रश्न सगळ्यांना तोच ठेवला आहे: “तुमचं रोजचं काम जे होतं, त्यातलं आता या हातानं काय करता येतं?”